चार घरची भाजी

गारगोटीहून कोल्हापूरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत एक बाई रोज भेटायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. गाडी सुटली की त्या डबा उघडायच्या आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं विचारायच्या, "आज कुणाकडं काय हाय?" मग त्यांची भाजी चार डब्यांत जायची आणि चार घरची भाजी त्यांच्याकडं यायची.

एकदा त्या माझ्याशेजारी बसल्या. माझा डबा बघून म्हणाल्या, "पावणं, कालबी बटाटाच हुता की!"

"एकटाच राहतो. एवढंच जमतं."

"मीबी एकटीच हाय. नुसती चटणी-भाकरी खात हुतो, एक दिवस चक्कर यून पडलो. डॉक्टर म्हनलं, पोट भरतंय, पन अंगाला काय मिळंना. आता एकटीसाठी रोज चार भाज्या कोन करतंय? म्हणून एकच करतो, भरपूर, आनि वाटतो."

बोलता बोलता त्यांनी माझ्या चपातीवर मेथी, मटकी आणि कुणाचा तरी लाल भोपळा वाढला आणि माझा निम्मा बटाटा उचलला.

मी ओशाळून म्हणालो, "अहो, तो कशाला घेताय?"

"आज माझ्याकडं बटाटा न्हाय की!"

त्या मिटक्या मारत खात होत्या. बायको गेल्यापासून माझ्या हातचं पहिल्यांदाच कुणीतरी खात होतं.