दादांचं गाऱ्हाणं आणि माझ्या दाराचं कुलूप

श्री. वामनराव शेट्ये, म्हणजे आम्हा सर्वांचे दादा, यांची आणि माझी पहिली भेट शाळेच्या कचेरीत झाली. मी नवा शिक्षक, ते जुने लेखनिक. मी खडूची पेटी मागितली. त्यांनी लेखी अर्ज मागितला. अर्ज दिला, तर अक्षर सुधारून आणायला सांगितलं. त्याच संध्याकाळी मला राहायला खोलीही त्यांनीच शोधून दिली. पुढे मी कर्ज काढून त्यांच्याच आळीत घर बांधलं.

ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालण्याचा, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने मोठ्याने साकडं घालण्याचा, मान दादांचा. ते इतकं लांबतं, की माहीतगार माणसं आधी पोटभर न्याहारी करून येतात.

मंदीत आमच्या खासगी शाळेचे पगार थांबले, माझे हप्ते तुंबले आणि एका सकाळी बँकेचे साहेब कुलूप घेऊन दारात उभे राहिले. पत्नी मुकाट्याने भांडी बाहेर काढू लागली. मला मान वर करवेना.

दादांनी सगळी आळी गोळा केली. घोषणा द्यायचं ठरलं, पण आम्हाला त्याची सवय कुठली! 'मुर्दाबाद' म्हणताना निम्म्या बायका लाजल्या, उरलेल्यांनी साहेबांना पाणी विचारलं. शेवटी दादांनी पायरीवर नारळ ठेवला.

"सायब, घर सोडायचा तर देवाला सांगायला नको काय? पाच मिनिटा थांबा."

पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. दादांच्या प्रत्येक वाक्याला आळी रिवाजाप्रमाणे 'होय महाराजा' म्हणत होती. साहेबही कोकणातलेच, लांज्याकडचे; त्यांनीही केव्हाच बूट काढून हात जोडले होते. दादा त्याच लयीत म्हणाले, "आणि ह्या सायबांच्या मनात मास्तरांना मुदत द्यायचा आला असेल, तर ता तडीस ने रे महाराजा!"

"होय महाराजा!" सर्वांत मोठा आवाज साहेबांचा.

साहेबांनी जीभ चावली. "नारळासमोर बोललो, आता काय करू?" म्हणत त्यांनी कुलूप पिशवीत टाकलं, आणि खरोखरच खटपट करून मुदत मिळवून दिली.

मी रडू लागलो. दादा म्हणाले, "मास्तर, रडताय काय? आधी भांडी आत घ्या."

त्या वर्षी दादा आणखी चार दारांत असेच उभे राहिले. दोन घरं वाचली नाहीत. तेव्हा दोन दिवस ते जेवले नाहीत, हे त्यांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, सांगितलं म्हणून कळलं.

आता दादांच्या पंचाहत्तरीला सगळे त्यांना शंभर वर्षांचं आयुष्य चिंततील. मी स्वार्थी माणूस. माझं कर्ज फिटायला अजून अकरा वर्षं आहेत. तेवढी तरी दादांनी खणखणीत आवाजात काढावीत. पुढची शतकापर्यंतची त्यांनी आरामात, गप्प बसून काढली तरी चालेल.