शेजारच्या खुर्चीतली मावशी

माझ्या नाटकात जिवंत माणसाला मेला समजून तिरडीवर बांधतात. इथल्या पहिल्या प्रयोगापासून लोक त्याला हसत आले. पुढं परदेशात ते तिथल्या भाषेत झालं. तिथंही हशा पिकला. त्या प्रयोगाचं चित्रण उस्मानपुऱ्यातल्या एका हॉलमध्ये दाखवलं, तेव्हा माझ्या शेजारी पाचोडहून भाचीकडं आलेली एक मावशी बसली होती.

पडद्यावरची भाषा तिला कळत नव्हती. तिरडी आली तसं तिनं पाय खुर्चीवर घेतले आणि पदराचा बोळा तोंडाशी धरला.

"हे लोक का हसायलेत?"

"विनोदी नाटक आहे, मावशी."

"मला बांधलं व्हतं असंच. साप चावला व्हता. समदं ऐकू यायचं, पर बोट हलंना. सरण रचताना कुणीतरी हसलं, ते अजून कानात हाय. लेकीला पापणी हललेली दिसली म्हनून वाचले." तिनं माझं मनगट धरलं. हात गार होता. "ह्याला सोडवत्यात ना?"

मी तर नाटकात त्याला जाळूनच शेवटचा हशा घेतला होता.

"सोडवतात," मी म्हणालो.

पुढचा प्रवेश सरणाचा होता. मी उठू लागलो. "चला मावशी, बाहेर चहा घेऊ."

"थांबा की," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "त्याला सोडवताना बघू द्या."