टाकीला डोकं लागतं

धुरपदा भित्री होती, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर मागाहून लोक तिची वाघीण करून ठेवतात आणि माझं डोकं तडकतं. वाघीण कसली! पालीला भ्यायची, मोटारीच्या भोंग्याला भ्यायची, खाकी कपडा दिसला की भिंतीला चिकटून उभी राहायची. आम्ही बाया मुद्दाम म्हणायचो, "धुरपदे, मागं कोण आहे बघ!" आणि ती खरंच वळून बघायची. शंभरदा फसली असेल, तरी वळायचीच.

पण उगाच नव्हती भीत बिचारी. तिचे दोन मुलगे एका पंधरवड्यात देवीनं नेले. पुढच्याच साली नवरा पटकीत गेला. तेव्हा पोटात होती ती जमना. तेवढी एक राहिली. जमनाला साधं पडसं झालं तरी धुरपदा रात्रभर तिच्या नाकाशी बोट धरून बसायची, श्वास चालतोय की नाही बघायला. आता अशा बाईला भित्री म्हणून हसायचं म्हणजे आपलीच अक्कल दिसते, पण हसायचो खरं.

आमचं नांदवेल चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. मधोमध जुनी गढी, तिचे चार बुरूज, आणि बुरुजांच्या खाली आमच्या गल्ल्या. मी माहेरची नाशिककडची, इथं सून म्हणून आले तेव्हा या बुरुजांकडे बघून मलाही धडकी भरायची. स्वराज्य येऊन दोन वर्षं झाली असतील, नगरपालिकेत नवी माणसं निवडून आली. अध्यक्ष झाले शालिग्रामआप्पा. मोठ्या उमेदीचा माणूस. त्यांनी ठरवलं की गढीच्या उत्तर बुरुजावर पाण्याची टाकी बांधायची आणि गल्लोगल्ली नळ आणायचा. आम्हाला हसू आलं. नदीचं पाणी बुरुजावर चढेल आणि तिथून आमच्या घागरीत उतरेल म्हणे!

काम सुरू झालं आणि टाकीची भिंत कोसळली. पुन्हा बांधली, पुन्हा कोसळली. दुसऱ्या वेळी एका गवंड्याचा पाय चेचला. धुळ्याहून इंजिनेर आला, त्यानं बुरूज ठोकून पाहिला आणि सांगितलं, आत पोकळ आहे, आधी भरून काढा. पण त्याचं ऐकतो कोण? आमच्याकडे विहिरीवर कुंदाबाई होती ना! तिच्या जिभेला हाड नव्हतं. घागर बुडवता बुडवता म्हणाली, "पोकळ नाही तर काय! बुरूज बांधला तेव्हा आत बाळंतीण चिणली होती. आता तिच्या डोक्यावर पाणी चढवायचंय. नवं डोकं दिल्याशिवाय ती भिंत उभी राहू देईल का? टाकीला डोकं लागतं, तेही लेकराचं."

झालं. विहिरीवरून ती गोष्ट घरोघर गेली. मी कुंदाबाईला म्हटलंही, "बाई गं, जरा तोंड आवर." पण खोटं का बोलू, त्या दिवसापासून मीही माझ्या पोरांना बुरुजाकडे फिरकू दिलं नाही.

आणि आठ दिवसांत भटूची दवंडी आली.

भटू म्हणजे आमच्या गावाचं वर्तमानपत्र. उंच, वाकलेला म्हातारा, गळ्यात हलगी, आवाज घोगरा पण वेशीपर्यंत पोचणारा. कुणाची म्हैस हरवली, कुठल्या दिवशी बाजार नाही, कोण वारलं, सगळं त्याच्याच तोंडून कळायचं. पोरं त्याच्या मागून नाचत जायची. जमना तर त्याची लाडकी. गणपतीत त्यानं तिला खांद्यावर बसवून गाव दाखवलं होतं. त्या दिवशी मात्र हलगी वाजली आणि तो ओरडला, "ऐका हो ऐका! नगरपालिकेचा हुकूम! दहा वर्षांच्या आतल्या पोरापोरींची घरोघर मोजदाद होणार! कुणी पोर लपवू नये, गावाबाहेर धाडू नये! ज्या घरचं पोर मोजलं त्या दाराला गेरूचं बोट लागेल! पोरांना देवी टोचणार हो!"

"देवी टोचायचं निमित्त," कुंदाबाई पुटपुटली. "डोकी मोजतायत."

आता सांगा, घाबरायचं नाही तर काय करायचं? पोर लपवू नका म्हणतात, गावाबाहेर नेऊ नका म्हणतात, वर दाराला लाल बोट! बळीच्या बोकडाला लावतात तसं! बायांनी रातोरात पोरं शिरपूरला, चोपड्याला, जिथं नातं सापडेल तिथं धाडली. ज्यांना जमलं नाही त्यांनी दारं लावून घेतली. गल्लीत पोराचा आवाज म्हणून ऐकू येईना. भटू दिसला की खिडक्या लागायच्या. म्हातारा एकदा माझ्या ओट्यापाशी थांबून म्हणाला, "अक्का, मी काय राक्षस शे का व?" मी पाणी दिलं त्याला, पण ओट्याखाली उतरून दिलं नाही. वरूनच दिलं.

धुरपदाला ना माहेर ना सासर. ती बन्सीलालशेठच्या केळीच्या वखारीत कामाला होती, आणि वखारीच्याच मागच्या खोलीत राहायची. वखार माझ्या ओट्याच्या अगदी समोर. तुम्हाला केळी कशी पिकवतात माहीत नसेल तर सांगते. खिडकी नसलेली अंधारी खोली, तिच्यात हिरवे घड रचायचे, वरून केळीची वाळकी पानं घालायची, मग दार लावून फटी ओल्या मातीनं लिंपायच्या. भिंतीला खाली एक भोक असतं. मडक्यात गोवऱ्या पेटवून ते मडकं भोकाशी ठेवायचं आणि धूर आत सोडायचा. त्या धुरात उंदीरसुद्धा जगत नाही. धुरपदा हेच काम करायची, तिला हे सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक.

मोजदादवाले आमच्या गल्लीत आले त्या दिवशी सकाळीच खोली भरली होती. भरलेल्या खोलीला धुरी दुसऱ्या दिवशी द्यायची, घड एक रात्र निजू द्यायचे, ही वखारीची जुनी रीत. त्या रीतीवर भरवसा ठेवून धुरपदानं जमनाला त्या खोलीत कोपऱ्यात, घडांच्या मागं, पानांखाली बसवलं. आणि बजावलं की टाकीवाले येतील, तुला गोड हाका मारतील. कुणीही हाक मारली तरी ओ द्यायची नाही. भटूआबानं मारली तर मुळीच नाही. हे मला तिनं मागाहून सांगितलं. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी आपली ओट्यावर तूर पाखडत होते.

तिघं आले. गिरधर कारकून, कानावर टाक खोचलेला. देवी टोचणारा डॉक्टर, पोरसवदा, हातात पेटी. आणि भटू, एका हातात गेरूची वाटी, बोटं लालभडक. धुरपदा वखारीच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी, पिकवायची खोली तिच्या पाठीमागं. 

"मुलं किती?" गिरधरनं विचारलं.

"एकबी नही."

गिरधरनं भटूकडे पाहिलं. "काय रे भटू, खरं का हे?"

मी सूप खाली ठेवलं. सगळ्या गावाला ठाऊक होतं की हिला जमना आहे, आणि भटूनं तर तिला खांद्यावर मिरवलेली. म्हाताऱ्यानं वाटीतला गेरू बोटानं ढवळला. मग म्हणाला, "मी काय सांगू साहेब, मी दवंडीवाला." तिच्यासाठी गप्प राहिला तो! पण धुरपदाला वाटलं, म्हातारा डाव साधतोय, मागाहून एकटा येऊन पोर उचलून नेईल. भीती माणसाला आंधळं करते म्हणतात ते काही खोटं नाही.

ते तिघं वळले. आणि तेवढ्यात मला धुराचा वास आला.

झालं होतं असं, की शेठला दुसऱ्या गावचा बाजार गाठायचा होता. रीतबीत गुंडाळून ठेवून त्यानं उखाला सांगितलं, आजच धुरी दे. उखा वखारीचा गडी, सांगितलेलं काम मुकाट करणारा. त्यानं आतल्या अंगानं त्या खोलीचं दार लिंपलं, मडकं पेटवलं आणि सुपानं वारा घालायला बसला. धुरपदा इकडे कारकुनासमोर, खोलीकडे पाठ करून उभी, तिला यातलं काय दिसणार?

वास आला तशी तिनं मान वळवली. लिंपलेलं दार पाहिलं. भोकातून आत जाणारा धूर पाहिला. मग तिनं भटूच्या लाल बोटांकडे पाहिलं. देवा रे, तो चेहरा! बोलावं तर पोर टाकीत जाते, गप्प राहावं तर पोर धुरात जाते. तोंड उघडलं होतं, पण आवाज फुटत नव्हता. मला वाटलं हिला फेफरं आलं. मी ओट्यावरून उतरलेसुद्धा.

आणि मग ती ओरडली. जिचा आवाज शेजारच्या खोलीत जायचा नाही ती बाई अशी ओरडली की गल्लीची सगळी दारं उघडली. "मनी पोर मझार शे! भटूआबा, मनी पोर मझार शे वो!"

गिरधर म्हणाला, "आत पोर? अहो, आत्ताच तर म्हणाली एकही नाही..." त्याचं वाक्य तोंडातच राहिलं. भटूनं वाटी टाकली, हलगी टाकली, आणि त्या लिंपलेल्या दाराला खांदा दिला. दार उघडलं तसा धुराचा लोट बाहेर आला. म्हातारा जमिनीला पोट लावून आत शिरला. आतून त्याच्या हाका ऐकू येत होत्या, "जमने! कोठे शे व पोरी? मी भटूआबा!" घड कोसळण्याचा आवाज आला. मग खोकला. मग पुन्हा, "जमने, ओ दे!"

आतून ओ नाही.

भटू रांगत बाहेर आला, डोळे लाल, लाळ गळतेय. "सापडत नही," म्हणाला. "हाक मारस, बोलत नही." डॉक्टर म्हणाला, बेशुद्ध पडली असेल. कुंदाबाई मागून रडत म्हणाली, संपलं. मी तर देवाचं नावसुद्धा विसरले.

धुरपदाला मात्र कळलं. पोर बेशुद्ध नव्हती पडली. पोर आईचं ऐकत होती! धुरात गुदमरत, तोंड दाबून, आईनं सांगितलं म्हणून गप्प बसली होती पाच वर्षांची पोर. धुरपदा उंबऱ्यावर पडली, तोंड त्या धुरात घातलं आणि ओरडायला लागली, "ओ दे व माय! भटूआबाले ओ दे! मी सांगस, मी तुनी माय सांगस, भटूआबाले ओ दे!"

भटू पुन्हा आत गेला होता. क्षणभर काहीच नाही. मग अगदी तळच्या कोपऱ्यातून, मांजराच्या पिल्लासारखा, बारीक आवाज आला. "ओ..."

त्यानं तिला बाहेर आणलं तेव्हा तिच्या अंगभर लाल डाग होते. बायांनी किंकाळ्या फोडल्या. गेरू होता तो, भटूच्या बोटांचा. डॉक्टरनं पोरीला पालथं केलं, पाठीवर थापा मारल्या, तोंडावर पाणी मारलं. पोर ओकली, खोकली, आणि मग जे भोकाड पसरलं तिनं! इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नाही. उखा मडक्याशी तसाच बसून होता, हातातलं सूप हलवायचंही विसरून. त्याला कुणी रागावलंसुद्धा नाही.

बऱ्याच वेळानं डॉक्टर हळूच म्हणाला, "बाई, आता पोरीला टोचून घेऊ का?" मला वाटलं, त्याच्या पेटीवर लाथ मारावी. हीच वेळ मिळाली मेल्याला! धुरपदानं पोरीला आणखी घट्ट धरलं. पेटीकडे पाहिलं, भटूकडे पाहिलं.  मग तिनं स्वतःचा दंड उघडा करून पुढं केला आणि म्हणाली, "पहिले माले टोच. मी नही मरनू तं मग हिले."

डॉक्टरनं टोचलं. ती मेली नाही. मग जमनाला टोचलं. दाराला बोट लावायला वाटीत गेरू उरला नव्हता, आणि कुणी मागितलाही नाही.

इंजिनेरनं बुरूज आतून भरून काढला, भिंत उभी राहिली, टाकी झाली. कुंदाबाई मरेपर्यंत सांगायची, "पोर आत घातली होती ना, मान मिळाला बाळंतिणीला, म्हणून टाकी टिकली." अशा बाईला काय म्हणायचं? तिनंच नळावर पहिली घागर लावली.

पण धुरपदाची भीती गेली नाही. त्यानंतर हलगी वाजली की ती आधी जमनाचा हात पकडायची, मगच ओट्यावर येऊन दवंडी ऐकायची. बाजाराची दवंडी असो की हरवलेल्या म्हशीची, पोरीचा हात हातात असल्याशिवाय तिला शब्द ऐकू यायचा नाही. जमना मोठी झाली, लाजायची, हात सोडवून घ्यायची. तरी ही पकडायचीच.

साठ सालच्या उन्हाळ्यात जमनाचं लग्न झालं, शिरपूरला दिली. त्यानंतर काही दिवसांनी धुरपदा माझ्या ओट्यावर शेंगा निवडत बसली होती, तेव्हा भटूची हलगी वाजली. म्हातारा आता अगदी थकला होता, आवाज गल्लीपुरताच यायचा. दवंडी साधीच होती, टाकी धुवायची म्हणून उद्या नळाला पाणी नाही. धुरपदाच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. तिचा हात बाजूला गेला, चाचपडला, आणि त्याला माझा हात सापडला. गच्च धरला तिनं. 

मी म्हटलं, "अगं धुरपदे, जमना शिरपूरला आहे."

"माले माहीत शे, अक्का," ती म्हणाली, आणि हात काही सोडला नाही.