नोटिंगकाका आणि पाच-तीसचं तेल

नोटिंगकाकांनी आयुष्यात चाळीसच्या वर स्कूटर नेली नाही, पण माझ्या स्पोर्ट्स कारमध्ये कोणतं इंजिन ऑइल घालायचं यावर त्यांनी सतरा पानांची फाईल केली होती. हिरवी दोरी, पानांना क्रमांक, वर सुवाच्य अक्षरात विषय. "कागदावर आलं की मग बोलू," हे त्यांचं पालुपद.

काका माझ्या बाबांचे अमरावतीचे मित्र. केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, दिल्लीत आर. के. पुरमला सरकारी क्वार्टर. फायलींवर शेरे लिहिणं, म्हणजे 'नोटिंग', यातच आयुष्य गेलं, म्हणून नोटिंगकाका. मी पुण्याहून गुडगावच्या आयटी कंपनीत आले तेव्हापासून माझा रविवार त्यांच्याकडेच. कूलर कोणता घ्यावा, काकूंचे गुडघे कोणाला दाखवावेत, सगळ्याच्या फायली होत्या. काकू म्हणायच्या, "आमचं लग्न तेवढं फाईलशिवाय झालं. म्हणून तर झालं!"

मी गाडी घेतली तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांनी तिच्याबरोबर फोटो काढले. जुनीच, पण लालभडक आणि दोनच सीटची. काकांनी तिला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि विचारलं, "पुस्तक कुठाय?" गाडीबरोबर पुस्तक येतं हे मला तेव्हा कळलं. त्यांनी ते तीन रविवार वाचलं.

"मला वाटतं काका, स्पोर्ट्स कारला जरा..."

"अगं, तुला काय वाटतं ते नंतर. पुस्तकात काय लिहिलंय? पाच-तीस. पहिला आकडा जानेवारीचा समज, गार इंजिनात तेल किती चटकन पळतं त्याचा; जितका लहान तितकं चटकन. दुसरा जूनचा, तापल्यावर किती दाट राहतं त्याचा. दिल्लीत दोन्ही काढायचेत."

मी तेल घ्यायला करोल बागेत गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम जी, स्पोर्ट्स कार में ये पतला पानी डालोगे? रेसिंगवाला लो, बीस-पचास." त्या डब्यावर ज्वाळा काढल्या होत्या. मी इंजिनिअर आहे, तरी त्या ज्वाळांना भुलले. काकांना मात्र पाच-तीसच घातलं म्हणून सांगितलं. त्यांनी लगेच फाईलमध्ये लिहिलं, 'अनुपालन झाले.'

पुढच्या जानेवारीत, निवृत्तीनंतर, क्वार्टर सोडायची वेळ आली. कधी कोणाकडे काही न मागणारे काका आदल्या रविवारी चाचरत म्हणाले, "स्टेशनपर्यंत मला तुझ्या गाडीतून सोडशील?" त्या सकाळी काकू सामानासह टॅक्सीनं पुढे गेल्या. काका कोट घालून, फाईल मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसले. बाहेर धुकं होतं. मी स्टार्ट दिला. इंजिन दोनदा कण्हलं आणि गप्प झालं. पुन्हा दिला, पुन्हा तेच.

"तेल कोणतं?" काकांनी विचारलं.

"वीस-पन्नास," मी म्हणाले.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या खोल सीटमधून उठायला त्यांना वेळ लागला. माझ्या खांद्याला धरून ते बाहेर आले, ऑटो थांबवली आणि फाईल माझ्या हातात दिली. "पुढची नोंद तू कर." नंतर मेकॅनिकनं अर्धा दोष जुन्या बॅटरीला दिला. उरलेला अर्धा माझाच.

मग अमरावतीहून दर महिन्याला फोन यायचा. "तेल कोणतं?" "पाच-तीस." "पुस्तक बघून की डबा बघून?" "पुस्तक बघून, काका." दिवाळीत गाडी घेऊन येते, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं. काका गणपतीच्या आधीच गेले.

लाजेपायी कधी न उघडलेली ती फाईल परवा उघडली. सतरा पानांना एक जोडलं होतं, निघायच्या आदल्या दिवशीचं. 'प्रस्ताव: स्टेशनपर्यंत लाल गाडीने जाणे. वेग: नियमात बसेल तेवढा, पण तेवढा पूर्ण.' पुढे त्यांचं 'मंजूर' आणि सही. त्याखाली, 'अनुपालन झाले,' हेही लिहून ठेवलेलं, आणि माझ्या सहीसाठी मारलेली एक रेघ.