साळवे बाईंचे शेंगोळे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला अर्धं माहीत आहे, तेही त्यातलं गमतीचं अर्धं. उरलेलं माझ्याकडेच राहिलं, आणि खरं सांगू का, आता ते सांभाळायचाही कंटाळा आलाय. तुम्ही मला ओळखत नाही, हे त्यातल्या त्यात बरं आहे.

गोष्ट तशी खाण्याची. नाशिकच्या एका खासगी शाळेत मी नोकरीला होते. शनिवारी सकाळची शाळा. साडेदहाला मुलं घरी पळाली की महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी स्टाफरूममध्ये आम्हा बायकांची अंगतपंगत असायची. सकाळी नुसत्या चहावर निघालेल्या असायचो, त्यामुळे नाश्ता आणि जेवण एकातच उरकायचं. नियम एकच — डब्यात अंडं-मटण नको. बाकी जिला जे चांगलं येतं ते. दडपे पोहे, मटकीची उसळ, थालीपीठं, लोण्याचा गोळा. ज्यांचा शनिवार असायचा त्यांच्यासाठी साबुदाणा वडे. टेबलं जोडायची, वर्तमानपत्रं अंथरायची, डबे मधोमध ठेवायचे. माझ्या कोथिंबीर वडीला मान होता. मोरे बाईंची वडी म्हटलं की पहिला डबा तो उघडायचा. मला ते आवडायचं, फार आवडायचं.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मोरे हे आडनाव मराठ्यांत असतं, तसं आमच्यातही असतं. आम्ही बौद्ध. माझे वडील कळवणकडच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. ताठ माणूस, कुणापुढे काही लपवलं नाही त्यांनी. मी मात्र — काय सांगू? शाळेत कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नोकरी लागली त्याच वर्षी एका मराठा शिक्षिकेने आपणहून धरलं की मोरे म्हणजे आमच्यातल्याच. मी हसले. नुसतं हसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावत होते. सिडकोतल्या आमच्या घरी बुद्धाची तसबीर आतल्या खोलीत होती, आणि शाळेतलं कुणी येणार असलं की मी त्या खोलीचं दार लोटून घ्यायचे.

मग नव्वदच्या दशकात, सुरुवातीच्याच कुठल्यातरी वर्षी, साळवे बाई आल्या. गणित शिकवायच्या. आडनावावरूनच स्टाफरूमने काय ते ओळखलं, आणि त्यांनीही काही झाकून ठेवलं नाही. कुणी त्यांना वाकडं बोललं का? छे. आमच्याकडे सगळं फार गोड असायचं.

पहिल्या अंगतपंगतीला त्यांनी कुळथाचे शेंगोळे आणले. कुळथाच्या पिठात लसूण-मिरची घालून, हाताने वळून, रश्शात शिजवलेले. झाकण उघडलं आणि मला माझ्या आईचं घर आठवलं. तसाच वास, तितकाच लसूण. तोंडाला पाणी सुटलं होतं, हे लिहिताना अजूनही लाज वाटते. बाकीचे डबे बघता बघता रिकामे झाले. साळवे बाईंचा डबा काठोकाठ तसाच. कुणाला ॲसिडिटी होती, कुणाला लसूण चालत नव्हता, कुणाचं पोट भरलं होतं. आमच्या सुपरवायझर बाई तर कुळीथ उष्ण पडतो म्हणाल्या.

साळवे बाईंनी सगळ्यांकडे पाहिलं आणि चमचा भरून माझ्या ताटलीजवळ आणला.

"मोरे बाई, तुम्ही तरी घ्या."

मीच का? त्यांना काही कळलं होतं, की मी शेजारी बसले होते एवढंच? मला इतकंच समजलं की सगळ्या माझ्याकडे बघतायत. आणि मी म्हणाले, माझा शनिवार असतो हो.

माझ्या ताटलीत वडीचा अर्धा तुकडा पडलेला होता. बेसनाची वडी, उपवासाला चालते का? साळवे बाईंनी त्या तुकड्याकडे पाहिलं, चमचा परत डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. सुपरवायझर बाई हसून म्हणाल्या, अगंबाई, विसरून मोडलात की उपवास, आणि साबुदाण्याचा वडा माझ्याकडे सरकवला. माझं खोटं सगळ्यांनी मिळून सावरून धरलं. त्यांनाही ते हवंच होतं.

त्या दिवसापासून मला शनिवार लागला तो लागलाच. एकदा उपवास करते म्हटल्यावर सोडायचा कसा? ज्या माणसाने आयुष्यात कधी मारुतीपुढे हात जोडले नाहीत, त्याची लेक दर शनिवारी साबुदाणा गिळत होती. नवरा म्हणायचा, आमच्या हिचं बरं आहे, शनिवारी मारुती आणि रविवारी मटण. हेच ते गमतीचं अर्धं. मीही हसायचे.

पण मला सांगायचंय ते हे नाही. हे भित्रेपण झालं. असं भित्रेपण पुष्कळांचं असतं. यापुढचं वेगळं आहे, आणि ते सांगायची वेळ आली की मी नेहमी इथेच थांबते.

दोन-तीन वर्षांनी नाशिकरोडला माझ्या मावसभावाचं लग्न होतं. मी पांढरी साडी नेसून, हात जोडून सगळ्यांबरोबर त्रिशरण म्हणत उभी होते. नवरीकडच्या बायकांत साळवे बाई होत्या. जेवणं झाल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. रागावल्या असत्या तर मी समजू शकले असते. पण त्यांनी फक्त "जय भीम, ताई" म्हटलं आणि मुलांची चौकशी केली. मीही जय भीम म्हणाले, पण घाबऱ्या आवाजात, इकडेतिकडे बघत.

सोमवारी, आता सगळ्यांना कळलं असणार असं धरूनच शाळेत गेले. साळवे बाईंनी कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. मला नेहमीसारखंच "नमस्कार, मोरे बाई" म्हणाल्या. त्यांनी माझं झाकलेलं झाकलेलंच ठेवलं. मी त्यांचे आभार मानले का? नाही.

पुढच्या अंगतपंगतीला त्यांनी दोन डबे आणले. एक नेहमीचा. दुसऱ्यात भगर आणि शेंगदाण्याची आमटी. तो त्यांनी माझ्यासमोर ठेवला. त्या स्वतः उपवास करत नव्हत्या, मी खरा उपवास करत नव्हते, आणि तरी पहाटे उठून त्यांनी माझ्या खोट्या उपवासाचं रांधून आणलं होतं. मला जवळ यायला एक वाट करून दिली होती, कुणाला काही न कळता. एवढं माझ्यासाठी कुणी केलं होतं?

"तुमच्यासाठी आहे, मोरे बाई. लसूण नाही घातलेला," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "उपवासाचं मी दुसऱ्याच्या हातचं खात नाही."

हे. हेच ते. दर महिन्याला मी इतरांचे साबुदाणा वडे खात होते, त्यांच्यासमोर, सगळ्यांसमोर. दुसऱ्याच्या हातचं नाही — म्हणजे कुणाच्या, हे त्या खोलीत प्रत्येकीला कळलं. बाकीच्यांनी ॲसिडिटी पुढे केली होती, उष्णता पुढे केली होती. विटाळाची भाषा तिथे फक्त मी बोलले. मी, जिच्या वडिलांना गावात ओंजळीने पाणी प्यावं लागलं होतं. साळवे बाईंनी ती भगर स्वतःच खाल्ली, सगळी, सावकाश. हात धुताना सुपरवायझर बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बरं केलंत म्हणाल्या.

त्यानंतरही साळवे बाई येत राहिल्या, दर वेळी डबा घेऊन. मला मात्र त्यांनी पुन्हा कधी काही वाढलं नाही.

पुढे काळ बदलला म्हणतात तसा तो आमच्या स्टाफरूममध्येही थोडा बदलला. दोन हजार सालानंतर तरुण शिक्षिका आल्या. त्यातल्या एकीने काही न विचारता साळवे बाईंच्या डब्यात हात घातला, दोनदा वाढून घेतलं आणि शेंगोळे कसे वळतात ते विचारत बसली. मग दुसरीने चव घेतली. मग तिसरीने. वर्षभरात साळवे बाईंचा डबा पहिला संपायला लागला. सुपरवायझर बाईंनीसुद्धा निवृत्त होण्याआधी खाल्ले आणि सुनेसाठी कृती लिहून घेतली. माझा शनिवार चालूच होता. सोडता आला असता — कुणी काय म्हणणार होतं? पण सोडला असता तर पहिला घास त्यांच्या डब्यातला घ्यावा लागला असता, त्यांच्यासमोर, आणि तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं.

साळवे बाईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली तेव्हा निरोपाचं भाषण माझ्यावर आलं. सगळ्यांत जुनी मीच उरले होते. मी चांगलं बोलले. त्यांचं गणित, त्यांची शिस्त, आणि शेवटी त्यांच्या शेंगोळ्यांची चव. अशी चव दुसऱ्या कुणाच्या हाताला नाही, असं म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साळवे बाईही वाजवत होत्या, माझ्याकडे बघत.

त्या दिवशी त्या खोलीत त्यांच्या हातचं कधीही न खाल्लेली एकटी मीच होते.