मामा विहिरीत उतरले तेव्हा

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतका दगडांवर जीव लावणारा माणूस उभ्या खानदेशात झाला नसेल. धुळ्याच्या एका शाळेत ते भूगोल शिकवत, आणि भूगोल म्हणजे दगड अशी त्यांची पक्की समजूत होती. नद्या, पिकं, राजधान्या मुलांनी आपापल्या वाचून घ्यायच्या. खिशात पेनाऐवजी भिंग. साक्रीच्या रस्त्याला माळावर काळ्या दगडाच्या लांबलचक भिंती दिसतात. त्या दिसल्या की मामा एसटी थांबवून उतरत, आणि मामी पुढे गेल्याचं त्यांना दुसऱ्या बसमध्ये आठवे. भिंती राक्षसांनी बांधल्या असं कुणी म्हटलं, की ते दुखावत. आमच्या लग्नात बुंदीच्या पाकाशी उभं राहून त्यांनी आचाऱ्याला समजावलं होतं, "पाक सावकाश निवला की खडीसाखरेसारखे मोठे खडे, झटकन निवला की बारीक. पृथ्वीच्या पोटातला तापलेला रसही असाच भेगेत शिरतो आणि निवून दगड होतो. भोवतालचं झिजतं, ही भिंत उरते." आचारी "हो गुरुजी" म्हणत राहिला आणि बुंदीचा एक घाणा करपला.

एका उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी लागण्याआधी, त्यांचे धाकटे भाऊ नाना साक्रीकडच्या गावाहून आले. नव्या विहिरीला काळा पाषाण लागला होता, सुरुंगाने नुसते टवके उडत होते आणि मजूर काम सोडायच्या बेतात होते. जुनी विहीर कधीच आटलेली. "दादा, बठ्ठा दगडच शे. आते काय करानं?" नाना खाली मान घालून म्हणाले. मामांनी सुट्टीचा अर्ज शाळेत पोचवायला म्हणून माझ्याकडे दिला आणि मलाच घेऊन निघाले.

साठीला टेकलेले मामा दगडमाती वर ओढणाऱ्या यारीच्या टोपल्यात बसून विहिरीत उतरले. अर्धा तास झाला, तास झाला. वर नाना घाबरे. शेवटी खालून आवाज आला, "दाना बारीक व्हई ऱ्हायनात, नाना." वर आल्यावर त्यांनी उलगडून सांगितलं. भेगेतला रस कडेला आधी निवतो, म्हणून कडेचा दगड बारीक दाण्यांचा. मधला हळू निवतो, तो जाड. "पूर्वेला दाणे बारीक झालेत, म्हणजे जमिनीखालच्या या भिंतीची कड जवळ आली. तिकडे आडवं खणा. पाणी या भिंतीने अडवलं असेल."

नानांनी मजुरांना हातापाया पडून थांबवलं. चौथ्या दिवशी भिंत संपली, पलीकडचा मऊ दगड फुटला आणि पाणी झिरपू लागलं. नाना रडले. मामा मात्र भिंग लावून दगडाशीच.

"पाणी उनं, दादा," नाना म्हणाले.

"ते येणारच होतं. आधी ही कड तर पाहा, कशी काचेसारखी आहे."

निवृत्तीनंतर त्यांचे गुडघे गेले. मी कधीकधी स्कूटरवरून त्यांना माळापर्यंत नेई. एकदा त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. मग म्हणाले, "जावईबापू, जन्मभर निवलेलंच पाहिलं. एकदा तो रस वाहताना बघायला हवा होता."