यंत्र पास, हात नापास

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, यांनी कुकरच्या कारखान्यात आयुष्यभर एकच काम केलं: दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढणं. तपासणी विभागात होते ते. हातात शिक्का असायचा, पास किंवा नापास. निवृत्त झाल्यावर शिक्का कारखान्यातच राहिला, पण मारायची खोड घरी आली. चहा नापास, शेजाऱ्यांचं दार नापास, माझी नोकरी तर कायमचीच नापास. मी शेजारच्या इमारतीत राहते, त्यामुळे माझी तपासणी वरचेवर होते.

मावशीचं एक काम मात्र या तडाख्यातून सुटलं होतं. शाळेची नोकरी संपल्यापासून ती अंध विद्यार्थ्यांसाठी घरच्या कॉम्प्युटरवर पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. यंदा कायद्याचा अभ्यास करणारी एक मुलगी तिच्याकडे होती. त्या पोरीचा सगळा अभ्यास मावशीच्या आवाजावर चाललेला. परीक्षा तोंडावर आली होती आणि शेवटचं पुस्तक अर्धंच झालं होतं.

नेमका याच सुमारास तो म्हातारा कॉम्प्युटर रंग दाखवायला लागला. मावशी वाचत असताना मध्येच पडदा काळा व्हायचा आणि यंत्र स्वतःहून पुन्हा सुरू व्हायचं. वाचलेला धडा गेला बाराच्या भावात.

काका हात धुवून त्याच्या मागे लागले. दुकानात न्यायचं नुसतं नाव काढलं तरी त्यांना अपमान वाटायचा. त्यांनी आधी प्लग बदलला. मग डबा उघडून धूळ काढली, मेमरीची पट्टी खोडरबरने घासून परत बसवली, शेवटी पॉवर सप्लायही नवा घातला. यंत्र काही सुधारेना. म्हणजे काका तपासायला बसले की ते गुणी बाळासारखं चालायचं. खात्री करून घ्यायची म्हणून काका दुपारभर त्यावर पत्ते खेळायचे, बिचाऱ्यांना केवढे कष्ट. मावशी वाचायला बसली की पुन्हा तेच. यातून शहाण्या माणसाने काय समजायचं? काकांनी निकाल दिला.

"यंत्र पास आहे. हात नापास आहे."

मावशीच्या उजव्या हाताची बोटं अलीकडे थोडी थरथरतात. तेव्हा ती माउसवर नको तिथे दाबते, हे काकांचं संशोधन. ते त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं, इस्त्रीवाल्यालाही सोडलं नाही. मावशी ते हसण्यावारी नेते आहे असं आम्ही समजून चाललो होतो.

पण नवरा म्हणून काकांची मदत असायची हं. ती वाचायला बसली की ते खिडक्या लावायचे, पंखा बंद करायचे, आणि कॉम्प्युटरची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून त्याच्या डब्यावर जाड रजई चहूबाजूंनी खोचून पांघरायचे. वाचन बंद पडलं की तपासणीसाठी अर्थात आधी रजई काढायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. घरात ये-जा करणाऱ्या एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्या रविवारी सकाळी मी तिथेच होते. एकच धडा पुन्हा पुन्हा वाहून गेला, तशी मावशी उठून बाहेर आली आणि तिने त्या मुलीला फोन लावला. तिचा आवाज अगदी शांत होता. म्हणाली, माझ्याच्यानं आता होत नाही गं, तू दुसरं कुणीतरी बघ.

आत काकांची तपासणी सुरू झाली होती. दारातून मला दिसत होतं. त्यांनी रजई ओढली, घडी घालायला छातीशी धरली आणि तसेच उभे राहिले. मग डब्याच्या मागे हात नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. वाफेला वाट नसली की काय होतं, हे कुकर तपासण्यात जन्म घालवलेल्या माणसाला कोण शिकवणार? यंत्र तापत होतं आणि जळू नये म्हणून आपणच बंद पडत होतं.

त्यांना गप्प बसता आलं असतं. रजई कपाटात गेली असती आणि 'केलं की नाही दुरुस्त' म्हणून ते गावभर मिरवले असते. खरं सांगते, मी तेच ऐकायच्या तयारीत होते. पण ते रजईसकट बाहेर आले.

"हात पास आहे," ते मावशीला म्हणाले. "रजईनं तापत होतं. मी घालत होतो ती."

मला वाटलं, मावशी हसेल. तिने फोन कानापासून बाजूला केला.

"तुम्ही नापास म्हणालात तेव्हापासून मी चहाचं पातेलं दोन्ही हातांनी धरते," ती म्हणाली. "हिच्या लेकीला उचलून घेतलेलं नाही मी. हातातून पडेल म्हणून."

हल्ली ती माझ्या मुलीला बसूनच मांडीवर घ्यायची. गुडघे दुखत असतील असं मी मानलं होतं.

मावशीने फोन पुन्हा कानाला लावला. धडा आजच पाठवते, मागे जरा घरघर ऐकू येईल, तेवढं चालवून घे, असं तिने त्या मुलीला सांगितलं. मग आत जाऊन सगळा धडा वाचला. यंत्र पिठाच्या गिरणीसारखं घरघरत होतं, पण थांबलं नाही. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, उद्या पोरीला घेऊन ये.

काका अजून तिथेच होते. त्यांनी हळूच विचारलं, रजई कपाटात ठेवू का.

"तुम्ही कशालाही हात लावू नका," मावशी म्हणाली.